रेक्झिनची पानं

हमीदभाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो आणि ती पाठ फाटलेली होती. 'पाठ' हा शब्द मी वाचकांच्या सभ्यपणाची काळजी म्हणून वापरतोय. फाटलं होतं ते बरंच खाली.

ब्रह्मपुरीच्या शाळेत मी नवा नवा मराठीचा मास्तर. स्नेहसंमेलनात शिक्षकांचं ऐतिहासिक नाटक होतं, आणि आवाज मोठा या एकाच गुणावर मला सेनापती केलेलं. प्रवेशाच्या आधी विंगेत जोश यावा म्हणून मी एक पाय पुढे टाकून तलवार उपसली. तलवार निघाली नाही, सुरवार निघाली. म्हणजे उसवली, पार मागून पुढेपर्यंत. तेवढ्यात रंगमंचावर महाराज, म्हणजे आमचे चित्रकलेचे सर, गरजले, "सेनापती!" मी जागचा हललो नाही. मागून कोणीतरी माझी कंबर धरली आणि शांतपणे म्हणालं, "हलू नका सर. हलसान तं सुई कुठी जाईन, मी सांगू शकत नाई."

पुढचा सगळा प्रवेश मी विंगेतून बोललो. महाराज रिकाम्या जागेशी मसलत करत होते, मी आतून स्वारीचे बेत सांगत होतो आणि मागे एक गृहस्थ उकिडवे बसून मला शिवत होते. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी भर सभेत माझी पाठ थोपटली. सेनापती दिसत नाही, नुसता आवाज येतो, ही कल्पना त्यांना फार वरच्या दर्जाची वाटली होती. मी नम्रपणे मान झुकवली. स्वतःच्या फजितीला कल्पना म्हणवून घ्यायची सवय मला तिथून लागली असावी.

हमीदभाई ड्रेपरीवाले. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव नाटकं लागतात. त्यांतले राजे, पोलीस, दारुडे, विधवा, वकील या सगळ्यांचे कपडे हमीदभाईंच्या पत्र्याच्या पेट्यांतून जात. बस स्टँडच्या मागे त्यांचं दुकान होतं. पुढे शिलाई मशीन, मागे छतापर्यंत पेट्या. अंगाने काटकुळे, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. माणूस दुकानात शिरला की ते त्याच्या चेहऱ्याच्या आधी त्याचे खांदे बघत. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. "ते नाई का, सदोतीस छातीवाले तलाठी?" असं त्यांचं बोलणं. मी त्यांच्या लेखी बरीच वर्षं 'फाटके सर' होतो आणि पुष्कळ पाहुण्यांना ते माझं आडनाव वाटे.

नाटकांचा हंगाम होळीला संपायचा. मग उन्हाळ्यात दोन आठवडे हमीदभाई मुलांचं शिबिर घ्यायचे. मुलांचं नाटक हा तोवर माझा प्रांत होता. मी स्वच्छता, साक्षरता आणि वृक्षारोपण अशी तीन नाटकं लिहिली होती, तिन्हींत शेवटी एक झाड येऊन भाषण करायचं. हमीदभाईंनी त्यातलं एक पाहिलं आणि मला विचारलं, "सर, झाड काऊन बोलते?"

"ते संदेश देतंय, हमीदभाई."

"त्याले बोलाचंच असतं तं इतके साल चूप उभं राह्यलं असतं का?"

त्यानंतर मी झाडाचं भाषण लहान केलं. काढून टाकण्याइतका मोठेपणा माझ्यात नव्हता.

त्यांच्या शिबिराला नाटकाची वही नसे. पहिल्या दिवशी ते एक पेटी हॉलच्या मधोमध ठेवत आणि प्रत्येक मुलाला डोळे मिटून एक कपडा काढायला लावत. जो हातात येईल तो अंगावर. बदलून मिळत नसे. पोरगं लहान आणि कोट मोठा असला तरी बाही आखूड करायला ते साफ नकार देत. "कपडा मोठाच राहू द्या. पोरगं वाढते." मग त्या कपड्यातला माणूस कोण, तो काय खातो, कोणाला घाबरतो, हे त्या मुलानं सांगायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ही सगळी वरात बाजारात. तहसील कचेरीतल्या एका साहेबांच्या मुलाला जरीचा अंगरखा आला होता. तो मुकुट घालून ऐटीत फिरत होता. हमीदभाईंनी त्याच्या डोक्यावर गव्हाचा डबा ठेवला आणि म्हणाले, "जाय, दळून आण." महाराज पीठगिरणीवर पाऊण तास रांगेत उभे. बायका विचारत होत्या, "का जी राजेसाहेब, राणी कुठी गेली?" मुलगा आधी रडकुंडीला आला, मग त्यानेच उत्तर दिलं, "माहेरी गेली. मलेच दळा लागते." परत आला तेव्हा त्याला सगळं नाटक सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आई तणतणत हॉलवर आल्या. आमच्या मुलाला पीठ दळायला लावलं म्हणून. हमीदभाई हात जोडून म्हणाले, "बाई, राजा तं कोणीबी बनते. राजाले रांगेत उभं राह्यता आलं पाह्यजे."

हे शिबिर आमच्या शाळेच्या हॉलमध्ये होई, आणि हॉल मिळे तो माझ्यामुळे. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे होता. मी दरवर्षी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकी आणि दरवर्षी हमीदभाई मला दुकानात बसवून, समोरून स्पेशल चहा मागवून, दोन्ही हातांनी कप पुढे करत. तो चहा मी मैत्रीचा समजून प्यालो. दहा वर्षं.

आता त्या ड्रेसबद्दल सांगितलं पाहिजे, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

हमीदभाईंकडे सगळ्यात जास्त मागणी राजाला नव्हती, 'आदिवासी ड्रेस'ला होती. हिरव्या रेक्झिनची कापलेली पानं, ती ओवलेला घागरा, डोक्याला कोंबडीची पिसं, आत काळी बनियन आणि काळे लांब मोजे, गळ्यात थर्मोकोलची हाडं. जानेवारी आला की शहरांतल्या शाळांची झुंबड. अर्ध्या तासावर गोंडांची गावं असलेल्या आमच्या मुलुखात, त्या गावांतली माणसं अशी दिसतात असं गावाबाहेर न पडलेल्या मास्तरणींनी ठरवून टाकलं होतं. मास्तरांनीही; मी पुण्यवान नव्हतो, मीही दोनदा नेले होते.

"सर, हे लोक कोण आहेत बाप्पा?" हमीदभाई एकदा पानं कापताना म्हणाले. "मी जिंदगीभर पेट्या घेऊन या जंगलानं फिरलो. एटापल्लीपावतर गेलो. मले तं हे कुठीच दिसले नाई."

"मग शिवता कशाला?"

"गिऱ्हाइकाले दिसतेत न."

आणि आम्ही दोघं हसलो होतो.

नव्वदचं दशक सरता सरता, नदीपलीकडच्या एका आश्रमशाळेतल्या सात मुली शिबिराला आल्या. कुरखेड्याच्या बाजूच्या. त्यांच्यात जयवंता होती, आठवीतली. पहिल्या वर्षी ती एक अक्षर बोलली नाही. पेटीतून तिच्या वाट्याला पोस्टमनची टोपी आली होती, ती घालून चौदा दिवस भिंतीशी बसली. मी म्हटलं, "हमीदभाई, ही काही करणार नाही." ते म्हणाले, "पाहून राह्यली ते. चिठ्ठी अजून आली नाई तिच्यापाशी."

दुसऱ्या वर्षी तिच्या हाती करडा कोट आला. मास्तरांचा. तिने तो घातला, खुर्चीवर बसली, नाकाच्या शेंड्यावर नसलेला चष्मा खाली ओढला आणि वर न बघता हजेरी घ्यायला सुरुवात केली. बाकीच्या सहा मुलींनी तिथल्या तिथे पुढचं रचलं. मास्तर नाव पुकारतो, चुकीचं पुकारतो. मुलगी मोहा वेचायला गेलेली, तिच्याऐवजी दुसरीच "हजर" म्हणते. एक मुलगी सहा जणींची हजेरी देते. मास्तर प्रत्येक वेळी "असो" म्हणतो, खिडकीबाहेर बघतो आणि पुढच्या नावाकडे जातो. शेवटी वर्गात कोणीच उरत नाही आणि मास्तर रिकाम्या बाकांना "शाब्बास" म्हणून मोठ्या आवाजात कविता शिकवायला लागतो.

हॉल हसून लोटपोट. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. 'असो' हा माझा शब्द होता. खिडकीबाहेर मी बघतो. जेवताना बायकोला मी कौतुकाने सगळं करून दाखवलं. ती भात वाढता वाढता म्हणाली, "करून काय दाखवता? तुम्ही तसेच बसला आहात."

हमीदभाईंचा तेव्हापासून एकच ध्यास. चंद्रपूरला एक समिती मुलांचा कला महोत्सव भरवत असे. तिथे हे नाटक जावं. "सर, आपल्या शिबिरातून आजपावतर कोणी मोठ्या स्टेजवर गेलं नाई. ह्या पोरी जातीन. एकदा गेल्या न, मंग त्यायच्या शाळेतून दर साल दहा येतीन." फॉर्म भरायचा, नाटक लिहून पाठवायचं, हे काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. त्यांचं शिक्षण उर्दू चौथी. मराठी ते वाचत, पण सरकारी कागदाला भीत. "तुमी तं लेखक आहात," ते म्हणाले.

पुढे अनेक वर्षं मी हमीदभाई सोडून बाकीच्यांना सांगत आलो की मी तो फॉर्म पाठवायचा विसरलो. खोटं आहे. तो माझ्या टेबलाच्या खणात होता आणि तो तिथे आहे हे मला रोज आठवत होतं. महोत्सवाला आमचे मुख्याध्यापक जाणार होते, संस्थेचे लोक जाणार होते, आणि त्या सगळ्यांसमोर नववीतली एक पोरगी करड्या कोटात 'असो' म्हणणार होती. मी ते लिहायला बसलो की पेनातली शाई वाळे.

शेवटच्या दिवशी लाज वाटून चंद्रपूरला गेलो. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "नाटकांची मुदत आधीच गेली. समूहनृत्यात जागा आहे." मी नृत्याच्या रकान्यात लिहिलं, 'आदिवासी नृत्य'. लिहिताना मनात म्हटलं, तिथे गेल्यावर बघू. हमीदभाईंना येऊन सांगितलं, "समितीनं नाटक नाकारलं. पण तिथे गेल्यावर बघू."

"नाकारलं? काऊन?"

"त्यांचे काही नियम असतात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं. तुमी आहात तं होईन काई तरी."

महोत्सवाच्या दिवशी मुली चंद्रपूरला आल्या त्या दोन एसटी बदलून, फडक्यात भाकरी बांधून. हमीदभाईंनी सोबत दिलेला करडा कोट जयवंताने घरून इस्त्री करून आणला होता. तांब्यात निखारे घालून केलेली इस्त्री, एका बाहीवर जरा करपलेली. हॉलच्या मागे समितीचे एक गृहस्थ यादी घेऊन फिरत होते. त्यांनी मुलींकडे पाहिलं. निळे स्कर्ट, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, एकीच्या अंगात कोट.

"आदिवासी नृत्य कुठे आहे?"

"ह्याच," मी म्हणालो.

"ह्या आदिवासी वाटत नाहीत हो. पारंपरिक वेशभूषा लागते."

हमीदभाई पुढे झाले. "साहेब, नाटक आहे लहानसं. सात मिनिटं द्या. लोक हसून हसून—"

"फॉर्मवर नृत्य आहे."

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. सवय.

"वेश नसेल तर नाव कापतो," गृहस्थ म्हणाले. "मागे बारा शाळा थांबल्यात."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की वेश आहे. तिथेच आहे. एका इंग्रजी शाळेच्या नाचासाठी हमीदभाईंनीच चोवीस ड्रेस आणले होते. त्या शाळेचा नाच होऊन गेला होता आणि पेटी विंगेत पडली होती. ही कल्पना माझी. इतरांच्या कल्पना मी आपल्या म्हणून पुष्कळ खपवल्या असतील, ही मात्र अस्सल माझीच.

"हमीदभाई, पेटी उघडा ना. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. मुली रेला नाचतील, त्यांना येतोच. निदान स्टेजवर तरी जातील."

ते पेटीपाशी गेले आणि झाकणावर हात ठेवून उभे राहिले. "सर, हे मी बनवलं आहे. मले मालूम आहे हे का आहे."

लहान मुली स्टेजकडे माना वर करकरून बघत होत्या. दिवे त्यांनी पहिल्यांदा पाहिले होते. जयवंताने त्यांच्याकडे पाहिलं, मग पुढे होऊन स्वतः पेटीचं झाकण उचललं, एक घागरा हातात धरला, पानं वाजवून पाहिली.

"चाचा, हे घालून आमच्या गावात गेलो न, तं कुत्रे मांगं लागतीन."

लहान मुली फिसकन हसल्या. ती नाही हसली. कोट काढला, नीट घडी केली आणि पेटीवर ठेवला. "घालू," म्हणाली. "या आल्या आहेत इतक्या दूरून."

सातही जणींना हमीदभाईंनी आपल्या हाताने ते ड्रेस बांधले. शहरी मुलींच्या मापाचे होते, सुटत होते, म्हणून कमरेशी टाके घातले. समितीच्या एक बाई काजळाची डबी घेऊन आल्या आणि मुलींच्या गालांवर, कपाळावर रेघा ओढत म्हणाल्या, "अजून थोडं हवं, म्हणजे उठून दिसेल." माइकवरून निवेदक म्हणाला, "आता आपल्यासमोर येत आहेत जंगलातल्या आपल्या भगिनी."

त्या नाचल्या. रेला हा हात हातात गुंफून, पाय एकत्र टाकत, अंगणात नाचायचा नाच. त्यात पायांचा आवाज ऐकू यायला लागतो. तो आला नाही, रेक्झिन करकरत होतं. लोकांनी टाळ्या पिटल्या. दुसरा क्रमांक आला. ढालीबरोबर फोटो निघाला. त्यात सहा मुली कॅमेऱ्याकडे बघताहेत, जयवंता कोणाकडेच नाही. फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. माझं नाव मार्गदर्शक म्हणून छापलं होतं. मी कात्रण काढून ठेवलं.

त्या उन्हाळ्यात आश्रमशाळेतून एकही मुलगी आली नाही. हमीदभाईंनी आठवडाभर वाट पाहिली. मग म्हणाले, "चाला सर, घेऊन येऊ." वडसा, कुरखेडा आणि पुढे दोन कोस पायी. एक पेटी त्यांनी खांद्यावर घेतली होती, मला धरू दिली नाही. जयवंताच्या बापाने खाट टाकली, जोहार केला, कोरा चहा दिला. सगळं आदराने. हमीदभाईंनी विषय काढला तेव्हा तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "नाई पाठवत जी आता. पेपर आश्रमशाळेत लावला होता. पोरंबी हसतेत, मास्तरबी."

"माझी चुकी झाली भाऊ," हमीदभाई म्हणाले. "माझ्या हातानं झाली."

मी चहा पीत होतो.

निघताना जयवंता दारात आली. हमीदभाईंच्या पाया पडली. म्हणाली, "तुमचा राग नाई चाचा." मग माझ्याकडे न बघता, त्यांनाच म्हणाली, "सरले सांगा, मी त्यायची नक्कल नाई करत आता. कोनाचीच नाई करत."

परतीच्या एसटीत हमीदभाई पेटी मांडीवर घेऊन बसले होते. वडसा आलं. मग एवढंच म्हणाले, "कमिटीनं काऊन नाकारलं असन सर? चांगलं होतं न नाटक?"

मी म्हटलं, "फार चांगलं होतं."

ते शिबिर झालं, अकरा मुलांचं. पुढच्या वर्षी हमीदभाई हॉल मागायला आले नाहीत. मीही विचारलं नाही. मला वाटलं, वय झालं. दुसऱ्याचं वय झालं असं समजण्यात फार सोय असते.

मग माझी बदली संस्थेच्या गोंडपिपरीच्या शाळेत झाली. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा कुठे मला सुबुद्धी सुचली, की जाऊन सांगून टाकावं. एका रविवारी सकाळी ब्रह्मपुरीला उतरलो. दुकान तेच होतं. आत मात्र खुंट्यांवर, दोऱ्यांवर, जिथे बघावं तिथे हिरवी पानं. हमीदभाई खाली बसून कापत होते. केस पांढरे, चष्म्याची दोरी नवी. "या सर," म्हणाले आणि माझे खांदे पाहिले. "उतरले."

मी एका दमात बोललो. फॉर्म, खण, कोट, 'असो', सगळं. समितीने काहीच नाकारलं नव्हतं, मी पाठवलंच नव्हतं. बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं आणि आता ते रागावतील म्हणून मी जरा मान झुकवून बसलो, फटका खायला तयार असलेल्या माणसासारखा.

त्यांनी कात्री थांबवली नाही. "मालूम होतं मले."

"कधीपासून?"

"इनाम भेटलं, त्याच्या पुढच्याच हप्त्यात. ड्रेस आणायले गेलो होतो चंदरपूरले. कमिटीच्या बाबूले विचारलं, नाटक काऊन काटलं? तो म्हणे, नाटक आलंच नाई."

"म्हणजे... आपण तिच्या गावाला गेलो, तेव्हा? एसटीत तुम्ही मला विचारलंत, तेव्हाही?"

"हो."

"मग बोलला का नाहीत हमीदभाई? दोन शिव्या तरी द्यायच्या."

ते रेक्झिनची पट्टी उलटी करत म्हणाले, "हॉल तुमच्या हातात होता न सर."

रागाने म्हणाले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ते माप सांगावं तसं म्हणाले. मग समोरच्या हॉटेलकडे बघून, एक चहा सांगितला. साधा.

चहा यायच्या आत एक तरुण शिक्षिका दुकानात शिरल्या. हातात पेपराच्या कात्रणाची झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स असावी. चेहरे काळे ठिक्कर, पानं तेवढी ओळखू येत होती. "भाऊ, असेच ड्रेस पाहिजेत. वीस नग. असाच डान्स बसवतोय आम्ही."

"असेच देतो बाई. सगळे हाच फोटो घेऊन येतेत." हमीदभाई टेप घेऊन उठले. मग माझ्याकडे हात करून अतिशय अदबीनं म्हणाले, "हे आपले सर. तो डान्स यायनंच बसवला होता."

"अय्या, खरंच?" बाईंनी झेरॉक्स काखेत धरून मला नमस्कार केला. "सर, किती छान आयडिया होती तुमची!"

मी हमीदभाईंकडे पाहिलं. ते पाठमोरे होऊन पानं मोजत होते.

"धन्यवाद," मी म्हणालो.